‘राइट’च्या उलट काय?

आमच्या शब्बाथ शाळेतील मोठ्या मुलांचा वर्ग गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी उपासनेनंतरची मंडळीची सभा फार लांबली. खाली मोठ्यांचा हिशेब चाललेला, वर मुले आईबापांची वाट पाहत बसलेली. वचने म्हणून झाली, गीते झाली, आणि बाहेर बेळगावचा पाऊस. मुलांना अंगणात सोडण्याचीही सोय नव्हती. तेव्हा वेळ जावा म्हणून मी एक खेळ मांडला. मी एक शब्द सांगायचा आणि मुलांनी त्याच्या उलट अर्थाचा शब्द चिठ्ठीवर लिहून द्यायचा. आमची मुले घरी मराठी बोलतात, रस्त्यावर कानडी बोलतात आणि शाळेत इंग्रजीतून शिकतात. म्हणून शब्द इंग्रजीच द्या असा त्यांचा आग्रह. ‘हॉट’, ‘डे’, ‘रिच’ असे शब्द झाले. मग मी ‘राइट’ हा शब्द दिला, तोही सोपा म्हणूनच.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी ‘रॉंग’ लिहिले होते. पाचसहा जणांनी ‘लेफ्ट’. दहावीतल्या एका मुलीने, नागरिकशास्त्र डोक्यात असावे, ‘ड्यूटी’ लिहिले. आणि ज्याचे वडील बसवर कंडक्टर आहेत अशा एका मुलाने लिहिले, ‘होल्डान’. सगळा वर्ग हसला. पण तो काही थट्टा करीत नव्हता. आमच्या भागात कंडक्टर ‘राइट’ म्हणून ओरडला की बस निघते, ‘होल्डान’ म्हणाला की थांबते. त्या मुलाच्या घरात ‘राइट’च्या उलट दुसरे काय असणार?

आता गुण कोणाला द्यायचे यावरून भांडण सुरू झाले. मी म्हणालो, चारही उत्तरे बरोबर आहेत. हे कोणालाच रुचले नाही. “सर, एका शब्दाला उलट शब्द एकच असतो, पुस्तकात तसंच असतं,” असे एकजण म्हणाला. इतक्यात खालची सभा संपली आणि मुले धावत खाली गेली. चिठ्ठ्या मात्र माझ्या खिशात राहिल्या. ‘लेफ्ट’ आणि ‘ड्यूटी’ या दोन चिठ्ठ्यांनी मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

वाचकहो, खरे पाहता उलट असतो तो शब्दाच्या अर्थाला, शब्दाला नव्हे. उलट काय, असे विचारले की आधी ‘कोणत्या अर्थाने?’ हे विचारावे लागते. आपल्या मराठीत ही अडचण भासत नाही. उजवा म्हणजे उजवा, त्याच्या उलट डावा. बरोबरच्या उलट चूक. हक्क हा शब्द आणखी वेगळा. इंग्रजी माणसाने मात्र हे सगळे एकाच पिशवीत भरले आहे. जर्मन आणि फ्रेंच लोकांचेही थोड्याफार फरकाने तसेच. भाषेचे अभ्यासक सांगतात की या ‘राइट’चा सर्वांत जुना अर्थ ‘सरळ’ असा होता, आणि आपला ‘ऋजु’ हा शब्द त्याच मुळातून आलेला त्याचा दूरचा भाऊ आहे. म्हणजे ‘राइट’च्या उलट असलेला सर्वांत जुना शब्द ‘वाकडा’ हा म्हणावा लागेल, आणि तो वर्गात एकानेही लिहिला नव्हता!

आपल्याकडे शब्द वेगवेगळे आहेत म्हणून आपला गोंधळ होत नाही, असे मात्र समजू नये. शब्द वेगळे असूनही मनात गाठी पडतात. अशा दोन गाठी मी मंडळीत पाहिल्या आहेत. एक लहान आहे. दुसरी लहान नाही.

पहिली गाठ डाव्याउजव्याची. डावा हात म्हणजे चुकीचा हात, ही ती गाठ. ती एकट्या इंग्रजांची नाही. आपण एखाद्याला बाजूला टाकले की त्याला डावलले असे म्हणतो. एखादा सरस ठरला की तो उजवा ठरला म्हणतो. गोव्यात आणि कोकणात देवळातला कौल उजवा पडला तर शुभ मानतात. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, आणि त्याच शब्दाचा अर्थ कुशल व उदार असाही होतो. ‘वाम’ म्हणजे डावा, आणि प्रतिकूलही. (गंमत अशी की ‘वाम’चा सुंदर असाही अर्थ कोशात आहे, तो मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.) लॅटिनमध्ये डाव्याला जो शब्द आहे, त्याच शब्दाला इंग्रजीत येताच दुष्ट, अभद्र असा अर्थ चिकटला. इंग्रजीतला ‘लेफ्ट’ हा शब्द मुळात ‘दुबळा’ या अर्थाचा. कानडी मुलखात तर शेकडो वर्षांपूर्वीपासून जातींचीच ‘बलगै’ आणि ‘एडगै’, म्हणजे उजव्या हाताच्या व डाव्या हाताच्या, अशी वाटणी झाली, आणि ती नावे आजही ऐकू येतात. हाताचा भेद माणसाला लावला की काय होते ते यावरून दिसते.

शास्त्रातही उजव्या हाताला मान आहे हे खरे. मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे, हे चित्र आपल्या सर्वांच्या मनात पक्के आहे. शहाण्याचे मन उजवीकडे आणि मूर्खाचे डावीकडे, असे उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात आहे. परंतु शिक्षकांनी तेवढेच सांगून थांबू नये. शास्त्यांच्या तिसऱ्या अध्यायात देवाने इस्राएलाच्या सुटकेसाठी जो एहूद उभा केला तो डावखुरा होता, आणि तो होता बन्यामिनाच्या वंशातला. बन्यामीन या नावाचा अर्थच ‘उजव्या हाताचा पुत्र’ असा आहे. त्याच वंशातले सातशे डावखुरे गोफणवाले नेमबाजीसाठी प्रसिद्ध होते असे विसाव्या अध्यायात वाचतो. उत्पत्तीच्या अठ्ठेचाळीसाव्या अध्यायात वृद्ध याकोब नातवंडांना आशीर्वाद देताना हात तिरपे करतो, उजवा हात धाकट्या एफ्राइमाच्या डोक्यावर ठेवतो. योसेफाला वाटते बापाची दृष्टी अधू झाली म्हणून चूक झाली, आणि तो हात धरून बदलू पाहतो. याकोब ऐकत नाही. चूक योसेफाच्या समजुतीत होती. आणि जब्दीच्या पुत्रांनी प्रभूच्या उजवीकडची व डावीकडची जागा मागितली, तेव्हा डावी जागा कमी मानाची आहे असे त्यांना मुळीच वाटले नव्हते. पुढे कालवरीवर त्या दोन्ही जागा कोणाला मिळाल्या हे आपण जाणतो.

तरीही आपल्या मंडळीत लहान मुलाने दानपात्रात डाव्या हाताने नाणे टाकले तर शेजारची बाई त्याचा हात मागे ओढते. मीही ओढला आहे. दहा माणसांत साधारण एक डावखुरा जन्माला येतो. ते शरीराच्या घडणीतले आहे, त्यात ना पाप ना पुण्य. आपण मात्र त्या मुलाच्या मनात भरवतो की देवाने तुझा हात चुकीचा केला.

माझी थोरली बहीण, अक्का, डावखुरी होती. घरी आणि शाळेतही तिचा डावा हात फडक्याने बांधून उजव्या हाताने अक्षरे गिरवायला लावली जात. ती शिकली, पण तिचे अक्षर कायम सावकाश राहिले. प्रत्येक अक्षर जणू विचारून विचारून काढावे तसे. भाजी ती डाव्या हाताने चिरते, फुले डाव्या हाताने गुंफते. पेन मात्र उजव्या हातात. ही आठवण इथे का काढली तेही पुढे येईल.

आता दुसरी गाठ. ही हक्काची आहे.

‘राइट’ म्हणजे हक्क, आणि ‘राइट’ म्हणजे योग्य. एकच शब्द दोन्हीकडे असल्यामुळे एक खोटे अनुमान अगदी सहज निघते: मला ज्याचा हक्क आहे ते करणे योग्यच असले पाहिजे. मराठीतही आपण “माझा हक्क आहे” असे म्हणतो आणि वाद संपला असे समजतो. जेरेमी वॉल्ड्रन नावाच्या तत्त्वज्ञाने १९८१ साली नेमक्या याच विषयावर, म्हणजे चुकीचे करण्याच्या हक्कावर, एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की एखादी गोष्ट करण्याचा माणसाला हक्क असू शकतो आणि तरीही ती करणे चूक असू शकते; या दोन विधानांत विरोध नाही. हे समजायला तत्त्वज्ञ हवाच असे नाही. आमची ती सभा लांबली, कारण एका सभासदाने प्रत्येक बाबीवर बोलण्याचा आपला हक्क बजावला. हक्क होता, यात शंका नाही.

याच्या उलट टोकाचेही अनुमान निघते, आणि ख्रिस्ती मंडळीत ते अधिक ऐकू येते: हक्क मागणे चूक आहे. हक्काच्या उलट कर्तव्य. ख्रिस्ती माणसाने कर्तव्य पाहावे, हक्क पाहू नये. उपदेशातून, लग्नाच्या भाषणातून, शांतिसभांतून हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल! ‘ड्यूटी’ लिहिणाऱ्या त्या मुलीने तेच लिहिले होते.

या ठिकाणी वेस्ली हॉफेल्ड या अमेरिकन कायदेपंडिताची मला फार मदत झाली. हा गृहस्थ १९१८ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. पण १९१३ साली त्याने लिहिलेला एक लेख कायद्याचे विद्यार्थी अजून शिकतात. न्यायाधीश ‘राइट’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि त्यामुळे निकालात घोटाळे होतात, असे त्याच्या लक्षात आले. मग त्याने त्या चार गोष्टींना चार नावे दिली आणि प्रत्येकीपुढे दोन शब्द मांडले: तिच्या उलट काय, आणि तिची जोडी कोणाशी. ‘उलट’ वेगळे आणि ‘जोडी’ वेगळी, हा त्याच्या विचाराचा गाभा आहे. सगळे कोष्टक इथे देण्याचे कारण नाही. दोन गोष्टी पुरे.

समजा मी शेजाऱ्याला पाचशे रुपये उसने दिले. ते परत मिळण्याचा मला हक्क आहे. याच्या उलट काय? मला हक्क नसणे, इतकेच. मग कर्तव्य कुठे गेले? ते शेजाऱ्याकडे आहे. माझा हक्क आणि त्याचे कर्तव्य ही एकाच दोरीची दोन टोके. एक टोक माझ्या हातात, दुसरे त्याच्या हातात. हक्क खोटा पाडल्याशिवाय त्याचे कर्तव्य नाहीसे होत नाही. आता दुसरी गोष्ट. माझ्या अंगणात फिरायला मी मोकळा आहे. यालाही लोक हक्क म्हणतात, पण ही खरी मुभा. या मुभेच्या उलट मात्र कर्तव्य येते, कारण ‘फिरू नये’ असे बंधन असते तर मुभा उरली नसती. म्हणजे आमच्या त्या मुलीचे उत्तर मुभेच्या अर्थाने बरोबर आणि देण्याघेण्याच्या हक्काच्या अर्थाने चूक. हॉफेल्डने तिला अर्धा गुण दिला असता.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल. म्हणून आता माझी स्वतःची हकिकत सांगतो.

आमचे वडील २००३ साली मृत्युपत्र न करता वारले. आई आधीच गेली होती. मागे अक्का आणि मी, दोघेच. अक्का लग्न होऊन मिरजेला, घरात मी. त्या वर्षी मी मंडळीच्या पंचात होतो आणि शास्त्राचा अभ्यास बराच आहे अशी माझी समजूत होती. अक्काने एकदाच फोनवर विचारले, “घरात माझाही काही वाटा असतो ना रे?” एवढेच. मागणी केली नाही, वकील केला नाही. मी मात्र पुढच्या शनिवारी बायबल घेऊन मिरजेला गेलो. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय मी तिला वाचून दाखवला, जिथे पौल विचारतो की भावाभावांनी न्यायसभेत जाण्यापेक्षा अन्याय का सोसून घेऊ नये. लूकच्या बाराव्या अध्यायातला तो मनुष्यही सांगितला, ज्याने प्रभूला म्हटले की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि प्रभूने ते नाकारून लोभाविषयी सावध केले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “बरं, कुठं सही करायची ते सांग.”

हक्कसोडपत्र झाले. कचेरीत प्रत्येक पानावर सही करायची होती. अक्का उजव्या हाताने एकेक अक्षर काढीत होती आणि कारकून घड्याळ पाहत होता. “घाई नाही, अक्का,” असे मी म्हणालो, आणि त्या वेळी आपण फार प्रेमाने वागलो असे मला वाटले. त्या रविवारी त्या दोन चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या, एकीवर डावा हात आणि दुसरीवर कर्तव्य, तेव्हा ते दृश्य समोर उभे राहिले. आधी तिचा हात चुकीचा ठरवून आम्ही तिला दुसरा हात वापरायला लावला. मग तिचे मागणे चुकीचे ठरवून त्याच हाताने तिच्याकडून लिहून घेतले.

कायदा कोणाच्या बाजूने होता? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. मुलांचे वाटे समान. गोव्यातील आपल्या बंधुभगिनींना पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून हे ठाऊक आहे. केरळातील त्रावणकोर भागात मात्र १९१६ चा वेगळा कायदा होता: मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. मेरी रॉय या कोट्टयमच्या ख्रिस्ती बाईंनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली तेथेही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निकाल मिळवला. तिथल्या काही चर्चपुढाऱ्यांनी त्या निकालाला विरोध केला. हे वाचताना मी पूर्वी मान हलवीत असे: काय ही माणसे! आपल्याकडे तर कायदा कधीच समान आहे. परंतु आपल्याकडे कायद्याची गरज कोणाला पडते? आपल्याकडे हक्कसोडपत्र आहे. कायदा न मोडता तेच काम होते, आणि वर प्रार्थनाही होते.

मी वाचलेले शास्त्रभाग खोटे नव्हते. पण मी ते अर्धे वाचले होते. करिंथच्या त्या अध्यायात अन्याय सोसण्याविषयी विचारल्यावर लगेच पुढच्याच वचनात पौल वळतो तो अन्याय करणाऱ्याकडे, भावांनाच फसवणाऱ्याकडे. ते वचन मी अक्कापुढे वाचले नाही. ते तिच्यासाठी नव्हतेच. ते माझ्यासाठी होते. लूकच्या गोष्टीतही प्रभूने त्या एकट्याला नव्हे तर तिथे असलेल्या सगळ्यांना लोभाविषयी सावध केले आहे. वतन धरून बसलेला भाऊही त्या गर्दीत असू शकेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते, कारण त्याच्या जागी मी होतो.

आणि पौलाने स्वतः हक्क सोडला तो कसा? त्याच पत्राचा नववा अध्याय पाहा. सुवार्तेवर उपजीविका करण्याचा हक्क तो आधी सिद्ध करतो. शिपाई, द्राक्षमळेवाला, मेंढपाळ, मळणीचा बैल, मंदिरातले सेवक, एकामागून एक दाखले देतो. हक्क खरा आहे हे पक्के झाल्यावर, आपण तो वापरला नाही असे सांगतो. जे आपले नाहीच ते सोडण्यात त्याग कसला? दुसरे असे की त्याने सोडला तो स्वतःचा हक्क. इतर सेवकांविषयी तीमथ्याला लिहिताना तो कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे असे सांगतो. त्यांनाही फुकट राबू द्या असे लिहीत नाही. आणि फिलिप्पैत अधिकारी त्याला गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा तो हटून बसला: रोमी नागरिकांना चौकशीशिवाय फटके मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर न्या. तिथे त्याने हक्क का मागितला हे लूकने लिहिलेले नाही. मला आपले वाटते की लुदियेच्या घरातली ती कोवळी मंडळी त्याच गावात राहणार होती. त्यांच्या उपदेशकाला गुन्हेगार म्हणून हाकलले असा डाग त्यांच्यावर राहू नये, ही काळजी त्याला असावी. आपला हक्क सोडण्याची मोकळीक माणसाला आहे, पण दुसऱ्याचा हक्क सोडण्याची नाही. प्रभूने स्वतःला रिक्त केले असे फिलिप्पैकरांस पत्रात आहे. दुसऱ्या कोणाला रिक्त केले असे कुठेही नाही.

शास्त्रातले हक्कसोडपत्र पाहायचे तर रूथच्या चौथ्या अध्यायात आहे. तिथला जवळचा नातलग वेशीत, वडील मंडळींसमक्ष, आपले कारण उघड सांगून आपला हक्क सोडतो, आणि खूण म्हणून स्वतःच्या पायातला जोडा स्वतः काढून देतो. आपण बहिणीचा पाय धरून तिचा जोडा काढून घेतो आणि तिला म्हणतो, तू किती नम्र!

कोणी विचारील, मग काय, बहिणींनी भावांवर दावे लावावेत? घरे मोडावीत? कोर्टात जाऊन कोरडी झालेली कुटुंबे मीही पाहिली आहेत, आणि त्यांतली एकदोन हक्काच्या अर्ध्या खोलीपायी कोरडी झालेली. हक्क मागणाऱ्याच्याही मनात लोभ शिरतो. वॉल्ड्रन म्हणतो तसे हक्क असूनही माणूस चुकू शकतो. तेव्हा बहिणीने काय करावे हे मी सांगणार नाही. ते तिचे टोक आहे. दोरीचे माझे टोक कर्तव्याचे होते. तिने मागितले काय, न मागितले काय, सोडले काय, माझे टोक माझ्याच हातात होते, आणि मी तेही तिच्याच हातात दिले: हक्क सोडणे हेच तुझे कर्तव्य!

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायातील सलाफहादाच्या पाच मुलींचा पाठ आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच येतो. तो मुद्दाम घ्यावा. त्या पाचजणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि बापाच्या वतनात वाटा मागतात. मोशे त्यांना नम्रतेवर प्रवचन देत नाही. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असेही तो समजत नाही. प्रकरण परमेश्वरापुढे नेतो. आणि उत्तर येते की या मुलींचे म्हणणे रास्त आहे, त्यांना वतन दे. इंग्रजीतल्या ‘राइट’चे दोन अर्थ इथे एकत्र आले आहेत, पण ते शब्दाच्या योगायोगाने आलेले नाहीत. पुढे छत्तिसाव्या अध्यायात त्या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट आली, तेही मुलांपासून लपवू नये. मोठी मुले त्यावर प्रश्न विचारतील, आणि विचारू द्यावेत.

गेल्या नाताळच्या आठवड्यात मी मिरजेला गेलो. अक्का आता सत्तरीत आहे. माझ्या भाचीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी पूर्वी पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या होत्या हे मला फार उशिरा, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळले होते. चहा झाल्यावर मी म्हणालो, “अक्का, त्या कागदाविषयी बोलायचं होतं.”

“कुठला कागद?” तिला ठाऊक होते.

मी सगळे सांगितले. चिठ्ठ्यांचेही सांगितले. ‘होल्डान’ ऐकून ती हसली. मग बराच वेळ गप्प बसली.

“घराचं काय एवढं,” ती म्हणाली. “तू घर सांभाळलंस, आईबाबांचं केलंस. तू नुसतं म्हणाला असतास, अक्का, मला घर पाहिजे, तर मी दिलं असतं. पण तू बायबल घेऊन आलास. तेव्हापासून तो अध्याय मला वाचवत नाही रे. वाचायला बसलं की तुझाच आवाज येतो.”

यावर मला काही बोलता आले नाही. हक्कसोडपत्र कायद्याने पक्के आहे; ते आता मोडता येत नाही. अर्धे घर तिच्या नावे करण्यासाठी बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडे तयार आहे. ती अजून हो म्हणालेली नाही. मुलीला विचारते म्हणते. त्या अध्यायाचे काय करावे हे वकिलाला विचारून उपयोग नाही.

पुढच्या महिन्यात ती आठ दिवस माझ्याकडे राहायला येणार आहे. त्या रविवारी वर्गात सलाफहादाच्या मुलींचा पाठ आहे. तूही येऊन बस, असे मी तिला सांगून ठेवले आहे. “बघू,” म्हणाली.